कोरी नळी

उडून आलेल्या रॉकेटला वास येतो. विझलेल्या काडीचा, आणि त्याखाली थोडा नासलेल्या अंड्याचा. तो कागदात असा मुरतो की लवकर जायचं नाव घेत नाही. बाइंडरने नळी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. खळीचा वास आला. काळ्या रंगाचा आला. जळल्याचा काही येईना.

‘सर्दी असेल,’ तो स्वतःशी म्हणाला. आधी स्वतःवर संशय घ्यायचा आणि मग दुसऱ्यावर, एवढं पथ्य तो पाळायचा. म्हणून त्याने खळीचं भांडं हुंगलं, सरसाची डबी हुंगली, शेवटी बायकोची चहाची रिकामी कपबशीसुद्धा हुंगली. नाक ठणठणीत होतं. मग त्याने नळी खिडकीकडे धरली आणि आत डोळा लावला. आतला कागद नव्या वहीसारखा कोरा होता.

आणि हे रॉकेट तर गेल्या शनिवारी संध्याकाळी आभाळात गेलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. वर पोचल्यावर इंजिन शेवटचा एक भडका नळीच्या आत सोडतं. त्या दाबाने पुढची टोपी सुटते, घडी घातलेली छत्री बाहेर पडते आणि दोराने बांधलेली नळी त्यांच्याबरोबर खाली येते. तो भडका नळीला आतून काळीठिक्कर करून जातो. म्हणजे एक तर ही नळी उडालीच नव्हती, नाहीतर ही ती नळीच नव्हती.

बाइंडर स्टुलावर बसला. याच नळीवर हात ठेवून त्याने रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना शब्द दिला होता.

बाइंडर मुळातच संशयी. पुस्तकं बांधता बांधता तो तसा झाला, की तसा होता म्हणून त्या धंद्यात टिकला, हे सांगता यायचं नाही. छापील पानांचे फॉर्मे लावून झाले की तो ते पुन्हा उलगडून बघायचा, आणि गिऱ्हाईक पुस्तक घेऊन गेलं तरी अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायचा, “अगं, त्यातलं एखादं पान उलटं तर नाही ना गेलं?” त्याचा मेहुणा चारचौघांत सांगायचा, “आमचे भावोजी आरशात बघतात तेव्हाही विचारतात, आपण याआधी कुठे भेटलोय का?”

पण रॉकेट उडवणाऱ्या त्यांच्या लहानशा मंडळात हाच दोष गुण ठरला. नळ्या बाइंडर वळायचा, जाड कागदाचे थर खळीने एकावर एक चढवून. छत्र्या एक शिंपी शिवायचा. दिवे मेहुण्याचे, त्याचं सभा-समारंभांच्या रोषणाईचं दुकान होतं. आणि सुरक्षेचं काम कुणाला द्यायचं हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांची बोटं एकदम बाइंडरकडे वळली. ज्याचा कशावरच विश्वास नाही, त्याच्यावरच विश्वास ठेवावा, असा त्यातला हिशेब.

अंधारात रॉकेट उडवायचं म्हणजे खेळ नव्हे. दिवसा ते डोळ्यांना दिसतं तरी. अंधारात त्याच्या अंगावरचा दिवा सांगेल तेवढंच कळतं, आणि जे दिसत नाही ते कुणाच्या टाळक्यात बसेल याचा भरवसा नाही. म्हणून रॉकेट सोडायच्या बटणाच्या पेटीची किल्ली बाइंडरच्या गळ्यात असायची. ती लावल्याशिवाय बटण मेलेलं. रॉकेट ज्या सळईवर उभं करायचं तिच्यापाशी कुणी असलं की किल्ली गळ्यातून निघायची नाही. दिवा जमिनीवर आधी पेटवून बघायचा, बॅटरी बांधली आहे की नुसती खुपसली आहे ते हलवून बघायचं, वर विमान दिसलं तर ते जाईपर्यंत थांबायचं, एका वेळी एकच रॉकेट सोडायचं, आणि मध्येच दिवा नजरेआड झाला तर भोंगा वाजवायचा. हे नियम बाइंडर दर वेळी वाचून दाखवायचा आणि दर वेळी शिंपी जांभई द्यायचा.

मैदान रोपवाटिकेच्या पाठीमागचं होतं, रोपवाटिकेच्या मालकीणबाईंचं. त्या शनिवारी वारा रोपवाटिकेकडून मैदानाकडे मंद वाहत होता. नवं रॉकेट हातभर उंच, काळ्या रंगाचं. टोपी दुधी प्लॅस्टिकची आणि तिच्यात हिरवा दिवा. बाइंडरने विचारलं, “दिवा?” मेहुणा म्हणाला, “दिवा.” किल्ली लागली, आकडे उलटे मोजले गेले, आणि एक हिरवा ठिपका आवाज करत वर चढला. वाऱ्याच्या तोंडावर तो थोडा झुकला, रॉकेटं झुकतातच. वर एक हलकासा ‘फट्’ झाला, ठिपका थबकला, टाळ्या सुरू झाल्या, आणि मग ठिपका छत्रीखाली डुलत डुलत, वाऱ्याबरोबर मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला उतरला. इतकं देखणं उतरणं मंडळाने आजवर पाहिलं नव्हतं. सगळे टाळ्या पिटतच राहिले. बाइंडरची बायको खांद्याला पिशवी अडकवून, टॉर्च घेऊन रॉकेट आणायला गेली. अंधारात वस्तू शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. थोडा वेळ लागला, पण ती रॉकेट घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानात आल्या. बाई कधी आवाज चढवत नसत. त्यामुळे त्या बोलल्या की माणसं आपोआप सरळ उभी राहत.

“काचघराच्या छपराची काच फुटलीय. तुमचं काही पडलं का?”

“आमचं?” बाइंडरने रॉकेट फळीवरून काढून टेबलावर ठेवलं. “बाई, दिवा जमिनीला टेकेपर्यंत माझी नजर हलली नाही. ते मैदानाच्या त्या टोकाला उतरलं. हे बघा, अख्खं आहे. ओरखडासुद्धा नाही.”

“शब्द देता?”

त्याने नळीवर हात ठेवला. “शब्द देतो.”

त्याच वेळी बायको बाहेरून आली. तिच्या चपला दवाने भिजल्या होत्या. ती दारात थबकली, नवऱ्याच्या हाताकडे बघितलं आणि आत निघून गेली.

“मग आमच्या माळ्याची शिडी लागली असणार,” बाई म्हणाल्या. “तो म्हणतो, शिडी काढलीच नव्हती. मी स्वतः लावून बघितली. बरोबर तिथेच पोचते. काच फुटली त्याचं काही नाही हो. पण खोटं बोलणारा माणूस मी ठेवत नाही. महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलीय.”

बाई गेल्यावर बाइंडरच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती बाईंबद्दलच. काच फुटली हे तरी कशावरून? मैदान काढून घ्यायचं असेल, आणि सरळ सांगायचा संकोच वाटत असेल, म्हणून आधी काच, मग माळी, मग हळूच मैदान. बाईंच्या नावाने तो स्वतःशी काहीबाही पुटपुटला, पण हा विचार त्याने बायकोला सांगितला नाही. ती आल्यापासून भांड्यांशी भांडत होती.

मग एका दुपारी माळी स्वतः आला. पाय मातीचे म्हणून पायरीखालीच उभा राहिला.

“तुमचंच पडलं,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“तुम्ही टाळ्या वाजवत होतात. त्यातच काच वाजली.”

“काही पडताना पाहिलंत?”

“अंधारात काय दिसणार?”

“आत काही सापडलं? एखादा तुकडा?”

“काचा सापडल्या.”

“मग झालं तर,” बाइंडर म्हणाला.

“बायको म्हणाली, एकदा जाऊन विचारा. म्हणून आलो,” माळी म्हणाला, आणि आला तसा गेला. चोर तो चोर वर शिरजोर, असं बाइंडर मनाशी म्हणाला. पण त्या दिवशी त्याचे हात काही चालेनात. बायको बाजारात गेली होती. ती आल्यावर त्याने तिला यातलं काहीच सांगितलं नाही. उगाच तिच्या डोक्याला ताप कशाला!

आणि आज ही कोरी नळी.

दुसरी नळी होती, हे तर त्यालाच माहीत होतं. प्रत्येक पुस्तकाला तो एक पुठ्ठा जास्तीचा कापायचा, तशी प्रत्येक रॉकेटाला एक नळी जास्तीची, पंखांसकट. ती बायकोच्या पिशवीत असायची. सोमवारी पिशवी रिकामी दिसली म्हणून त्याने विचारलं होतं, तेव्हा बायको म्हणाली होती, “रंग उडालाय तिचा. भावाकडे दिलीय.”

भावाकडे! बाइंडर ताडकन उठला. दिवा मेहुण्याचा, वायर मेहुण्याची, पेटी मेहुण्याची. सगळ्याला हसणाऱ्या माणसाने काय लपवलंय हे कधी कळत नाही.

मेहुण्याच्या दुकानात दिव्यांच्या माळा छतापासून जमिनीपर्यंत लोंबत होत्या आणि तो त्यांच्या मधोमध बसून एकेक दिवा तपासत होता.

“या फौजदार! कुणाला अटक?”

“दुसरी नळी कुठाय?”

“कुठली दुसरी?”

“ताईने तुझ्याकडे रंगवायला दिलेली.”

मेहुण्याचा हात थांबला. “ताई म्हणाली?”

“हो.”

“मग असेल की. या पसाऱ्यात कुठे तरी…” त्याने उगाच एक खोकं उचलून बघितलं. खोटं बोलायचा त्याला सराव नव्हता. थट्टा करणाऱ्यांना नसतोच.

“तू नळी बदललीस,” बाइंडर म्हणाला. “त्या दिवशी काहीतरी बिघडलं, ते तू झाकलंस, आणि मला बाईंसमोर तोंडघशी पाडलंस.”

“भावोजी, तोंड सांभाळा हं!” मेहुणा उभा राहिला तशा दोन माळा त्याच्या डोक्यावरून खाली आल्या. “मी पेटीपाशी तुमच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. आकडे मोजल्यापासून सामान आवरेपर्यंत. तुम्हीच दम दिला होतात, जागचा हललास तर तंगडी मोडीन म्हणून. आठवतंय?”

बाइंडरला आठवलं. “मग नळीतलं इंजिनाचं जळकं नळकांडं काढलं कुणी? ते तर तूच काढतोस.”

“मी काढायला गेलो तर आत नव्हतंच. मला वाटलं, तुम्ही काढलंत.”

“मी नाही काढलं.”

मेहुण्याने गळ्यातली माळ हळूच सोडवली आणि गुंडाळायला घेतली. “चहा टाकू?” तो म्हणाला, आणि त्याने वर बघितलं नाही.

रॉकेट आणायला एकच माणूस गेलं होतं.

बाइंडर दुकानाकडे परत निघाला तो मुद्दाम लांबच्या रस्त्याने. त्याने आजवर कागदवाल्यावर संशय घेतला होता, वजनकाट्यावर, डॉक्टरवर, पोस्टमनवर, घड्याळावर. बायकोवर घ्यायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. इतकं, की आता सुरुवात कुठून करावी तेच कळेना. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर एव्हाना त्याच्याकडे दहा प्रश्न तयार असते.

ती मागच्या खोलीत फॉर्मे शिवत बसली होती. तो समोर बसला.

“अगं.”

“हं.”

“नळी कोरी आहे.”

सुई कागदातून आरपार गेली, दोरा ताणला गेला. “किती उशीर लावलात,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, रविवारीच हुंगाल.”

“म्हणजे?”

तिने शिवण बाजूला ठेवली. “दिवा मिळाला. टोपी मिळाली, छत्री मिळाली. छत्रीखाली दोराचं जळकं टोक लोंबत होतं, आणि नळी नव्हती. तो भडका दोरालाच लागला असणार. मी चहूकडे टॉर्च मारला. काळी नळी, काळोख, कुठे दिसायची? तिकडे तुम्ही सगळे आनंदाने नाचत होतात. पिशवीत दुसरी नळी होती. लावली टोपीला आणि आले घेऊन.”

“पण का?”

“का म्हणून मलाच विचारताय? त्या शब्दकोशाचं एक पान उलटं गेलं होतं, तेव्हा महिनाभर तुम्ही नीट जेवला नाहीत. म्हटलं, सकाळी उजेडात जाते, गवतातून नळी शोधून आणते, तुमच्यापुढे ठेवते आणि मग सांगते. गेले. मैदान पालथं घातलं. नाही मिळाली. परत येते तो बाई दुकानात, काच फुटली म्हणतायत, आणि तुम्ही नळीवर हात ठेवून शब्द देताय. बाईंसमोर तुम्हाला खोटं पाडू? बाई गेल्यावर सांगणार होते, तर तुम्ही बाईंच्याच नावाने पुटपुटायला लागलात स्वतःशी. मग राहिलं ते राहिलंच. एक काच काय, देऊ कधीतरी बसवून, असं म्हटलं मी.”

“आणि माळी?”

“माळ्याचं काय?”

तेव्हा बाइंडरच्या लक्षात आलं, की तिला माहीतच नाही. ती आत निघून गेल्यावर बाई शिडीबद्दल बोलल्या होत्या, आणि माळी आला तेव्हा ती बाजारात होती. त्याने सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

“खोली काढून घेतली त्याची? आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?”

“तू तरी मला आत्ताच सांगतेयस.”

बाहेर दाबयंत्रात एक पुस्तक वाळत पडलं होतं, ते बाइंडर उगाच जाऊन बघून आला. नियमांमधलं एक वाक्य तो दर वेळी खड्या आवाजात वाचायचा: जे जे वर जाऊन सुटं होतं, त्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा दिवा हवा. टोपी आणि नळी दोराने बांधलेली, म्हणजे एकच तुकडा, असं त्याने त्या दिवशी धरून चाललं होतं. दोर सुटू शकतो, हा एवढा एकच संशय त्याला यायचा राहिला. त्याने पाहिला होता तो हिरवा ठिपका. शब्द मात्र दिला होता अख्ख्या रॉकेटाचा.

“बाईंकडे जातो,” तो म्हणाला.

“मैदान जाईल.”

“जाईल.”

“थांबा, मी पण येते.” तिने सुई कापडात खोचली, दोऱ्याचं रीळ तसंच पिशवीत टाकलं आणि पिशवी घेऊन उठली. जाता जाता त्यांनी मेहुण्याला हाक मारली, त्याच्याकडे गाडी होती म्हणून. रोपवाटिकेच्या फाटकाशी तो गाडीपाशीच थांबला, दोघं आत गेली.

बाई रोपांच्या कुंड्यांना नावाच्या पट्ट्या लावत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाइंडरचं सांगून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, “माळ्याने पाठवलं तुम्हाला?”

“नाही, नाही!”

“मग दया आली असेल. त्याची बायको सगळीकडे रडत फिरतेय, ते माझ्याही कानावर आलंय.”

“बाई, खरंच आमचंच पडलं.”

“रविवारी म्हणालात, नजर हलली नाही. आज म्हणता, नळी दिसलीच नाही. त्या दिवशीही हाच चेहरा होता तुमचा, आणि आवाजही हाच. यातलं कुठलं खरं धरू मी?”

बाईंच्या जागी बाइंडर असता, तर त्यानेही शब्द न् शब्द हेच विचारलं असतं.

“नळी मी बदलली,” बायको मध्ये पडली. “यांना काहीच माहीत नव्हतं.”

“तुम्ही नवऱ्याला वाचवताय, की नवरा माळ्याला?” बाई म्हणाल्या. “आणि पडली म्हणता ती नळी आहे कुठे? काचेबरोबर विरघळली?”

जन्मभर बाइंडरने लोकांकडून पुरावे मागितले होते. आता स्वतःचाच गुन्हा शाबीत करायला त्याच्याकडे पुरावा नव्हता.

“मला काचघर बघू द्या,” तो म्हणाला.

“पिशवी बाहेर ठेवा,” बाई म्हणाल्या. “बाह्याही वर करा. आत काही नेऊन ठेवाल.”

त्याने बाह्या वर केल्या. बायकोनेही पिशवी उलटी करून दाखवली. रिळाशिवाय काही निघालं नाही; ते तिने मुठीत घेतलं.

काचघरात दमट ऊब होती. माळी खाली बसून इवली इवली रोपं एका तबकातून दुसऱ्या तबकात हलवत होता. त्याने तिघांना आत येताना बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. छपराच्या फुटक्या चौकोनावर गोणपाट बांधलं होतं. बाइंडर त्याच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला. उजवीकडे रोपांचं लाकडी मेज होतं, आणि डावीकडे जमिनीत बांधलेलं पाण्याचं टाकं, झाऱ्या बुडवून भरण्यासाठी. पाणी हिरवंगार, तळ दिसत नव्हता.

“इथे बघितलं का?”

“वरवरच्या काचा काढल्या,” माळी मान वर न करता म्हणाला. “तळाशी कशाला जाऊ?”

“कागद तरंगतो,” बाई म्हणाल्या.

“कोरडा तरंगतो. हा खळीने चिकटवलेला. पाणी प्यायला की दगड होतो. शिवाय शेपटीकडे इंजिनाची लोखंडी कडी आहे.” तो गुडघ्यांवर बसला आणि हात पाण्यात घालणार एवढ्यात बाई म्हणाल्या, “तुम्ही नाही.”

त्यांनी कोपऱ्यातलं दाताळं उचललं आणि स्वतः टाक्यात सोडलं. एकदा गाळ आला. एकदा फुटकं मडकं आलं. तिसऱ्यांदा दाताळं कशात तरी अडकलं. बाईंनी जोर लावला तसा एक लाकडी पंख वर आला, आणि त्याच्यामागून काळ्या कागदाची लांबच लांब पट्टी. खळ सुटून नळी थराथराने उलगडली होती, कांद्यासारखी. शेवटच्या थराच्या आतल्या बाजूला काजळी होती, आणि बुडाशी कडीमध्ये जळकं नळकांडं अजून घट्ट बसलेलं होतं. बाईंनी ते सगळं फरशीवर ठेवलं. बाइंडर वाकला, हुंगलं, आणि मान हलवली. कुणी विचारलं नव्हतं तरी.

बाईंनी त्या चिखलाच्या ढिगाकडे बघितलं. मग माळ्याकडे बघितलं. माळी रोपं लावत होता. त्यांनी दाताळं भिंतीला टेकवलं, हात धुतले.

“मैदानाचं काय ते माळीदादांना विचारा,” त्या बाइंडरला म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या.

माळ्याने हातातली रांग पुरी केली.

“दुकानात येऊन सांगितलं होतं मी.”

“हो,” बाइंडर म्हणाला.

“तुम्ही विचारलंत, पडताना पाहिलं का.”

“हो.”

“तुम्ही तरी कुठे पाहिलं होतं?”

बायको पुढे झाली. “दादा, चूक आमची. माझी जास्त. इथून पुढे प्रत्येक तुकड्याला वेगळा दिवा लावू, नळीला दोन लावू, तुम्ही म्हणाल तिथे—”

“रात्री नाही,” माळी म्हणाला.

“बरं.”

“दिवसाचंही आत्ता सांगत नाही. ही रोपं एकदा जाऊ देत.”

“तोवर तुम्ही आहात ना इथे?”

“ते मी अजून ठरवलेलं नाही,” तो म्हणाला, आणि त्याने पुढचं तबक ओढलं.

बायको गोणपाटाखाली मेजावर चढली. रिळाचा दोरा सोडून तिने काचेच्या चौकटीची लांबी-रुंदी त्यावर धरली, गाठी मारल्या आणि दातांनी दोरा तोडला. मग दोघं बाहेर पडली. फाटकाशी मेहुणा गाडीला टेकून उभा होता.

“काय झालं?”

“रात्रीचं बंद,” बाइंडर म्हणाला.

“बाई म्हणाल्या?”

“माळी.”

“माळी कोण ठरवणारा?”

“तोच,” बायको म्हणाली.

मेहुण्याच्या तोंडात काहीतरी चटकदार तयार होतं. त्याने बहिणीकडे बघितलं, भावोजींकडे बघितलं आणि ते गिळून टाकलं. “बसा,” तो म्हणाला.

“आधी काचवाल्याकडे घे,” बायको म्हणाली. “दुकान बंद व्हायच्या आत.”

गाडी सुरू झाली. बाइंडर दोऱ्याच्या गाठींकडे बघत होता.

“माप नीट घेतलंस ना?”

बायकोने दोरा त्याच्या हातात कोंबला. “उतरा. जाऊन परत घेऊन या.”

आणि बाइंडर खरोखरच उतरला. काचघराच्या दारात माळी उभा होता.

“आता काय राहिलं?”

“माप. हिने घेतलंय, पण एकदा बघून घेतो.”

माळी दारातून बाजूला झाला. “बघा,” तो म्हणाला. “मी पण बघतो.”

दोघांनी मिळून चौकट मोजली. मग माळ्याने दोरा त्याच्या हातातून काढून घेतला आणि एकट्याने पुन्हा मोजली. माप बायकोचंच बरोबर होतं.